बिल पिकेट : रोडिओचा कृष्णवर्णीय शिल्पकार

धावत्या घोड्यावरून झेप घेऊन बैलाची शिंगे धरायची आणि मान पिळून त्याला आडवे पाडायचे, हा अमेरिकेतील रोडिओत, म्हणजे घोडेस्वार गुराख्यांच्या कसबाच्या स्पर्धांत, आज हमखास दिसणारा प्रकार रूढ केला तो टेक्सासमध्ये १८७० साली जन्मलेल्या बिल पिकेट या कृष्णवर्णीय काउबॉयने. गुरे आवरणारे कुत्रे जनावराचा ओठ चावून त्याला थोपवतात, हे पाहून पिकेटही बैलाचा वरचा ओठ दातांत पकडत असे. एवढे कसब असूनही केवळ वर्णामुळे अनेक स्पर्धांची दारे त्याला बंद होती, याची मला मनापासून चीड येते. १९३२ मध्ये घोड्याच्या लाथेने झालेल्या दुखापतीतून त्याचा मृत्यू झाला. ओक्लाहोमातील रोडिओ सन्मानदालनात त्याला स्थान मिळायला मात्र १९७१ साल उजाडावे लागले. १९८४ पासून त्याच्याच नावाने भरणारा रोडिओ कृष्णवर्णीय स्वारांना, स्त्रियांनाही, हक्काचे मैदान देत आला आहे.