अराकूची कॉफी थेट बागेतून: डिसेंबरातली खरेदी-फेरी

कॉफी विकत घ्यायला आंध्रातल्या अराकू खोऱ्यात जायचं तर डिसेंबर-जानेवारीत. झाडावर लाल फळं आणि अंगणात वाळवण, दोन्ही एकाच फेरीत बघून होतं. पर्यटकांचाही हाच हंगाम, त्यामुळे खोली आधीच ठरवा. विशाखापट्टणमहून सकाळची किरंदुल गाडी बोगद्याबोगद्यांतून मजेत नेते. पोती आणायची असतील तर मात्र अनंतगिरीच्या घाटाने जीपच बरी, साधारण 115 किमी.

बागा आदिवासी कुटुंबांच्या, एक-दोन एकरांच्या: सिल्व्हर ओकच्या सावलीत अरेबिका, ओकवर मिरीचे वेल.

भावाच्या बोलणीत पहिला घोळ शब्दाचा होतो. आपल्याकडच्या कॉफी-व्यापारात ‘चेरी’ म्हणजे सालीसकट वाळवलेलं फळ, ताजं नव्हे. 100 किलो ताज्या फळांचं सुमारे 20 किलो पार्चमेंट (साल-गर काढून, पातळ टरफलासकट वाळवलेले दाणे) होतं आणि ते कांडून 16 किलो हिरवे दाणे. वाळलेल्या चेरीतून जवळजवळ निम्मे दाणे निघतात. तेव्हा दर नेमका कशाचा, ते आधी विचारा. गिरिजन सहकारी महामंडळाचा (आदिवासींचा माल घेणारी आंध्र सरकारची संस्था) चालू खरेदीदर माहीत असू द्या. त्याच्या वर देणार नसाल, तर फक्त लाल फळं वेचून मागू नका. त्यासाठी एकाच झाडावर तीन-चारदा तोडणी करावी लागते.

पल्परमधून, म्हणजे ताज्या फळाची साल काढणाऱ्या यंत्रातून, निघालेले दाणे वरचा चिकट थर सुटेपर्यंत टाकीत आंबतात. थंडीच्या रात्री 36 तासही कमी पडतात, त्यामुळे घड्याळावर जाऊ नका. ढिगात काठी खुपसून काढा: भोक तसंच राहिलं आणि दाणे चोळताना खरखरले, की धुवायला घ्यायचे. व्हिनेगरसारखा वास सुटला तर उशीर झाला.

माल खरा बिघडतो तो वाळवणात. जमिनीवरच्या ताडपत्रीपेक्षा जाळीच्या खाटा घ्यायला लावा. थर 4-5 सेंमीच्या वर नको, संध्याकाळी दव पडण्याआधी झाकण हवंच. ओलावा 10 ते 11 टक्के हवा. मॉइश्चर मीटर स्वतःचा न्या, पण त्यात कॉफीचं सेटिंग आहे ना ते बघून. धान्याच्या सेटिंगवरचा आकडा काही कामाचा नाही.

नमुना प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून, तळातून काढा. 350 ग्रॅम हिरव्या दाण्यांसाठी अर्धा किलो पार्चमेंट लागतं. चव बघितल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, इसारा मात्र रोख द्या.

माल मुंबईत किंवा कोकणात ठेवणार असाल तर हवाबंद अस्तराच्या पिशवीतच, आणि तोही जूनच्या आत.