मेडवे क्वीन: समुद्राची वाट झाडणारी बोट

बाबा डोंबिवलीहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे क्रॉयडनला आले होते. पहिल्या महिन्यात लंडन आय झालं, बकिंगहॅम पॅलेस झाला, ग्रिनिच झालं, बाबा सगळीकडे छान छान म्हणायचे पण मला कळत होतं की त्यांचं मन कशात अडकत नाहीये. एकतीस वर्षं गोदीत फिटर म्हणून काढलेल्या माणसाला पॅलेसचं गेट किती वेळ बघवणार. मग एका रात्री मी नेटवर शोधत बसले आणि मेडवे क्वीन सापडली. केंटमध्ये जिलिंगहॅम नावाचं गाव आहे, तिथल्या जेट्टीला ही बोट बांधलेली असते आणि बहुतेक शनिवारी लोकांना आत जाऊन बघता येते. बाबांना फक्त एवढंच सांगितलं की १९२४ ची वाफेवरची बोट आहे, बाजूला मोठी चाकं असलेली. ते म्हणाले, कधी जायचं?

जूनमधला शनिवार होता. ईस्ट क्रॉयडनहून सेंट पँक्रस आणि तिथून हायस्पीड गाडी, पाऊण तास. स्ट्रूड सोडलं की गाडी मेडवे नदीच्या पुलावरून जाते आणि उजव्या हाताला रोचेस्टरचा किल्ला दिसतो, पण बाबा किल्ल्याकडे बघतच नव्हते, खाली ओहोटी लागलेली आणि चिखलात कलंडलेल्या होड्या दिसत होत्या त्याच बघत होते. आपल्या खाडीसारखंच आहे की, म्हणाले. खरंच तसंच आहे, तोच राखाडी गाळ, तोच वास.

जिलिंगहॅम स्टेशनपासून जेट्टीपर्यंत चालत अर्धा तास लागतो, रस्ता उताराचा आहे त्यामुळे जाताना काही वाटत नाही. बोट लांबून दिसली तेव्हा पहिल्यांदा मला जरा छोटीच वाटली. लांबट, बुटकी, मधे एकच धुराडं आणि दोन्ही बाजूंना चाकांवरची फुगीर घरं. लांबी साधारण १८० फूट. ही युद्धासाठी बनवलेली बोट नाहीच मुळी. स्कॉटलंडमध्ये ट्रून गावी बांधली आणि स्ट्रूड, चॅटमहून साउथएंड, हर्न बे अशा समुद्रकिनाऱ्याच्या गावांना लोकांना फिरवून आणायची, म्हणजे रविवारी पोराबाळांना घेऊन सकाळी चढायचं, डेकवर बसून चहा प्यायचा, संध्याकाळी घरी. माझी आजी जयगडहून बोटीने मुंबईला यायची त्याच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकलेल्या, म्हणून असेल कदाचित पण त्या लाकडी बाकांवर हात ठेवला आणि मला एकदम घरचं काहीतरी बघतेय असं झालं.

आत एक सत्तरीचे स्वयंसेवक आम्हाला फिरवत होते. बाबांचं इंग्लिश कामापुरतं, त्या आजोबांना मराठी येण्याचा प्रश्नच नाही, मी मधे भाषांतराला उभी. पण इंजिन रूममध्ये गेल्यावर माझी गरजच संपली. तिरकं बसवलेलं जुनं वाफेचं इंजिन आहे, दोन सिलिंडरचं, एकातली वापरलेली वाफ दुसऱ्या मोठ्या सिलिंडरमध्ये परत वापरायची. बाबांनी बोटाने वाफेची वाट दाखवली, त्या आजोबांनी मान डोलावली, मग दोघं वाकून काहीतरी बघत बसले. बाहेर आल्यावर बाबा बोटीच्या पत्र्यावरून हात फिरवत राहिले कितीतरी वेळ. सगळे रिपीट मारलेत बघ, म्हणाले, वेल्डिंग नाही. रिपीट म्हणजे रिव्हेट, पत्रे जोडणारे खिळे. आणि ते खरं होतं. जुनं अंग पार गंजून गेलेलं म्हणून ब्रिस्टलच्या गोदीत लॉटरीच्या निधीतून मिळालेले सुमारे १८ लाख पाउंड वापरून नवीन अंग बांधलं, पण जुन्या पद्धतीने, रिपीट मारून. ब्रिटनमध्ये पन्नासेक वर्षांत असं कुणी केलंच नव्हतं. बाबांनी मला समजावलं की एकजण रिपीट लाल तापवतो, एकजण भोकात घालून मागून दाबून धरतो आणि पुढचा ठोकतो, आणि गार होताना ते आवळून बसतं, दोन पत्रे एकमेकांना घट्ट. नोव्हेंबर २०१३ मध्ये बोट जिलिंगहॅमला परत आली.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले. मेडवे क्वीनचं नाव कुठेही वाचलं की डंकर्क येतं, दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या किनाऱ्यावरून सैन्य सोडवून आणलं ते. ते येणारच. पण नेव्हीने तिला १९३९ मध्ये घेतलं ते डंकर्कसाठी नाही, पाणसुरुंग काढण्यासाठी. माइनस्वीपर. स्वीप म्हणजे झाडणं, आणि काम अगदी तसंच. युद्ध सुरू होतानाच तिने केंटमधली शाळेची मुलं सुरक्षित जागी ईस्ट अँग्लियाला नेऊन सोडली, मग तिला रंग बदलून, पुढे तोफ बसवून, मागे वायरचा रहाट बसवून डोव्हरच्या दहाव्या माइनस्वीपिंग फ्लोटिलात धाडलं. फ्लोटिला म्हणजे बोटींचा ताफा, आणि या ताफ्यात तिच्यासारख्याच चाकांच्या सहलीच्या बोटी होत्या. नेव्हीला त्या का हव्या होत्या तर त्या पाण्यात फार खोल बुडत नाहीत, पाच-साडेपाच फूट फक्त, त्यामुळे खाली तरंगणाऱ्या सुरुंगाला पोट घासायची शक्यता कमी.

झाडायचं कसं तेही आजोबांनी सांगितलं. सुरुंग म्हणजे स्फोटकं भरलेला लोखंडी गोळा, तळाशी वजन, वजनाला बांधलेली तार आणि तारेवर गोळा पाण्याखाली काही फुटांवर डुलत असतो, वरून दिसत नाही. बोट मागून एक लांब दातेरी वायर सोडते, ती बाजूला ताणली जावी म्हणून तिच्या टोकाकडे फळ्यांचा एक ठोकळा, ठराविक खोलीवर राहावी म्हणून बोटीजवळ दुसरा, आणि टोक कुठे आहे ते दिसावं म्हणून वर तरंगणारा फ्लोट. ती वायर सुरुंगाच्या तारेला घासते, कापते, गोळा टुपकन वर येतो, मग डेकवरून रायफलने गोळ्या मारायच्या, एकतर फुटतो नाहीतर भोकं पडून बुडतो. बोटी एकामागे एक तिरक्या रांगेत चालतात, म्हणजे दुसरी बोट पहिलीने झाडलेल्या पट्ट्यातून जाते, तिसरी दुसरीच्या. मी विचारलं, मग पहिली? ते म्हणाले, पहिलीच्या पुढे कुणीच झाडलेलं नसतं.

हे ऐकून बाबा थांबले. मला परत सांग, म्हणाले. मी परत सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पुढच्या कठड्याला जाऊन नदीकडे बघत उभे राहिले.

आणि हे एकदा करून संपणारं काम नाही. आज वाट साफ केली, रात्रीत शत्रू परत सुरुंग टाकून जाणार, उद्या सकाळी परत तीच वाट. याच्या कुठे बातम्या होत नाहीत कारण काम नीट झालं की काहीच घडत नाही, मालाची जहाजं येतात, जातात, लोकांना पाव मिळतो. मला यातच सगळं काही दिसतं. डंकर्कला ही बोट आणि हे लोक डगमगले नाहीत त्याचं कारण आधीचे ते कुणी न पाहिलेले महिने, असं माझं ठाम मत आहे.

डंकर्क थोडक्यात सांगते. १९४० चा मे, जर्मन फौजांनी ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्याला उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर कोंडलेलं. २६ मे ते ४ जून या काळात ३,३८,२२६ माणसं समुद्रमार्गे बाहेर काढली. मेडवे क्वीन सात वेळा गेली. सात. सैनिक छातीभर पाण्यात रांगा लावून उभे, होड्यांनी एकेक करून बोटीवर आणायचे, वरून विमानं. नंतरच्या खेपांना बंदराच्या लांबलचक धक्क्याला लागून माणसं घेतली. एका सहलीच्या बोटीच्या छोट्या स्वयंपाकघरातून शेकडो उपाशी माणसांना चहा आणि रस्सा. अंधारात चाकांच्या फेसामुळे पाणी चमकायचं आणि वरच्या विमानांना माग लागायचा, तेव्हा पुढून तेल सोडून ती चमक मारायचा प्रयत्न केला. पहिल्याच खेपेहून परत येताना २८ मेला तिच्याच ताफ्यातली ब्रायटन बेल एका बुडालेल्या जहाजावर आदळली, आठशेच्या आसपास सैनिक भरलेले, आणि मेडवे क्वीन आधीच भरलेली असूनही बाजूला लागली. त्या बोटीवरचे लोक वाचले. वेव्हर्ली २९ तारखेला बुडाली, ग्रेसी फील्ड्सला त्याच दिवशी मार बसला आणि ती नंतर बुडाली, ब्रायटन क्वीन १ जूनला बुडाली. या पण चाकांच्याच बोटी, माइनस्वीपरच. शेवटच्या खेपेत मेडवे क्वीनच्या उजव्या चाकाचं घर दुसऱ्या जहाजाच्या धक्क्याने मोडलं तरी ती लंगडत डोव्हरला पोचली. साधारण ७,००० माणसं आणली तिने आणि तीन विमानं पाडल्याचीही नोंद आहे.

एक गोष्ट मी बाबांना जेट्टीवर डबा खाताना सांगितली, ती मला आधीपासून माहीत होती. डंकर्कच्या त्या गर्दीत आपल्या भारतीय लष्करातले खेचरवाले सैनिकही होते. ब्रिटिशांनी सैन्य सगळं मोटारींवर आणलं होतं आणि चिखलाबर्फात मोटारी चालेनात, म्हणून डिसेंबर १९३९ मध्ये खेचरांच्या तुकड्या मुंबईहून बोटीने फ्रान्सला मार्सेलीसला गेल्या. त्यातले काही डंकर्कहून बाहेर पडले, खेचरं मात्र मागे सोडावी लागली. मुंबईहून? बाबांनी विचारलं, आणि मग बराच वेळ हातातली पोळी तशीच.

युद्धानंतर १९४७ ला ती परत सहलींना लागली, १९६३ पर्यंत. पुढचं वाचून वाईट वाटतं, आइल ऑफ वाइटला क्लब म्हणून वापरली, मग गळायला लागली, १९८४ मध्ये तराफ्यावर चढवून मेडवेला परत आणली. १९८५ ला लोकांनी संस्था काढली आणि तेव्हापासून बरेचसे निवृत्त माणसंच हे सगळं करतायत.

दुपारी अजून वेळ होता म्हणून सिटिंगबोर्नला गाडी बदलून शिअरनेसला गेलो, मेडवे जिथे समुद्राला मिळते तिथे. किनाऱ्यावर खडे, वारा भयंकर. समोर थेम्सच्या मुखापलीकडे शूबरीनेस. त्याच बाजूच्या चिखलात २२ नोव्हेंबर १९३९ च्या रात्री जर्मन विमानाने पॅराशूटने एक सुरुंग टाकला आणि तो पाण्याऐवजी ओहोटीच्या गाळात पडला. हा नवीन प्रकार होता, चुंबकीय, तळाशी पडून राहायचा आणि लोखंडी जहाज वरून गेलं की त्याच्या चुंबकत्वाने फुटायचा. याला तार नाही, मग दातेरी वायर काय कापणार? माइनस्वीपरवाल्यांकडे तेव्हा याच्यावर उपायच नव्हता. दुसऱ्या दिवशी लेफ्टनंट कमांडर जॉन औव्हरी आणि त्यांच्या सोबत्यांनी तो चिखलात बसून उघडला. आत काय आहे ते कळलं म्हणून मग जहाजांना विजेची केबल गुंडाळून त्यांचं चुंबकत्व मारायची पद्धत सगळीकडे वापरात आली आणि हे सुरुंग झाडायची वेगळी साधनं पण बनली.

बाबांनी लगेच विचारलं, उघडला कशाने? लोखंडी पाना नेला तर तोच फुटेल ना.

पितळेची हत्यारं खास बनवून घेतली होती. हे मी सांगितल्यावर बाबांचा चेहरा बघायला हवा होता. ती कुणी बनवली असतील, एका रात्रीत, कुठल्या वर्कशॉपमध्ये, लेथवर कोण उभा असेल, त्याला माहीत होतं का कशासाठी आहे, पितळ मऊ असतं, जोर लावला की कडा झिजतात, म्हणजे माप एकदम बरोबर घ्यायला लागलं असणार, किती सुताचा नट असेल. परतीच्या गाडीत तोच विषय. सेंट पँक्रसपर्यंत त्यांनी माझ्या तिकिटाच्या पावतीमागे पान्याची दोन चित्रं काढली होती, मापांसकट.