निपाणीच्या माजघरातली लक्ष्मी

निपाणीतल्या एका जुन्या तंबाखू व्यापारी घराण्याकडून निरोप आला. माजघरात लक्ष्मीचं मोठं चित्र आहे, राजा रविवर्म्याचं मूळ तैलचित्र असावं, घरात वाटण्यांचं चाललंय, तर एकदा येऊन बघा आणि लेखी द्या. बेळगाव आणि आसपासच्या तालुक्यांत होऊ घातलेल्या चित्रकला शिक्षकांना शिकवणं हे माझं काम असल्यामुळे अशी बोलावणी अधूनमधून येतात. या वेळी पदविकेची दोन मुलं सोबत घेतली. रेषा, आकार, छटा, रंग, पोत, अवकाश हे घटक फळ्यावर लिहून पाठ करून घेता येतात, पण त्यांच्या जोरावर एखाद्या चित्राची उलटतपासणी कशी करायची, हे चित्रासमोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

चित्र माजघरात देव्हाऱ्याच्या वर, ट्यूबलाइटच्या अगदी खाली टांगलेलं. काचेत ट्यूबचा पांढरा पट्टा उमटत होता आणि निम्मं चित्र त्यातच जात होतं. ते खाली उतरवून सोप्यात आणलं आणि उत्तरेच्या खिडकीकडे, सरळ ऊन लागणार नाही असं टेकवलं. थोरले काका म्हणाले, "सर, जवळनं बघा की. दागिने बघा, एकेक मणी कसा काढलाय!" नेमकं तेच शेवटी करायचं असतं. आधी दहा फुटांवरून, मग हातभर अंतरावरून आणि सगळ्यात शेवटी भिंगातून. जवळून सुरुवात केली की डोळा दागिन्यांत अडकतो आणि चित्राची मांडणी निसटते ती निसटतेच.

मुलांना अट घातली, पहिली दहा मिनिटं नाव घ्यायचं नाही. लक्ष्मी, हत्ती, कमळ यांतला एकही शब्द नको. चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या चित्रमंदिर या कलाशाळेपासून बेळगावात व्यक्तिचित्रणाची चांगली परंपरा आहे. तिचा एक परिणाम असा, की आमच्याकडच्या मुलांची नजर थेट चेहऱ्यावर जाते आणि तिथेच थांबते. म्हणून डोळे अर्धवट मिटून बघायला लावलं. पापण्यांतून बघितलं की बारकावे पुसले जातात आणि उजळ, मध्यम, गडद असे तीनच डाग उरतात. ते तीन डाग वहीच्या कोपऱ्यात आगपेटीएवढ्या चौकटीत पेन्सिलीने भरायचे. नंतर मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून ताडून बघायचं, फ्लॅश मात्र बंद. लाल रंग इथे हमखास फसवतो. साडीचा लाल भडक दिसतो म्हणून मुलं तो उजळ धरतात, कृष्णधवलात तो चांगलाच गडद निघतो.

दोघांच्याही वहीत एकच गोष्ट आली. मधोमध, किंचित डावीकडे, उजळ उभा डाग. डावीकडे मोठा मध्यम डाग, वर गडद पट्टा. आणि खाली उजवीकडे, चित्राचा जवळपास सहावा भाग, एकसारखी मध्यम छटा. तिथे काहीच नाही, नुसतं पाणी.

मग रेषा. सोंडेचा बाक, तिच्यातून सुटलेली माळ, पदराची कड, कमळाचा वाकलेला देठ आणि देवीचा खाली सोडलेला हात, या पाचही रेषा पेन्सिलीने पुढे वाढवल्या तर त्याच मोकळ्या पाण्यात एकमेकींजवळ येत होत्या. एका मुलाचं म्हणणं पडलं, की शांतपणा यावा म्हणून चित्रकारानं ती जागा मुद्दाम रिकामी ठेवली असेल. प्रश्न रास्त होता, म्हणून त्यावर बराच वेळ घालवला. मुद्दाम ठेवलेल्या मोकळ्या जागेभोवतीच्या रेषा सैल असतात. त्या जागेच्या कडेने जातात, आत घुसत नाहीत, म्हणून तिथे डोळा विसावतो. इथे पाच रेषा डोळ्याला धरून तिकडे ढकलत होत्या आणि गेल्यावर तिथे बघायला काही नव्हतं. शिवाय डावीकडे हत्तीचा भार आणि उजवीकडे त्याला तोलणारं काहीच नाही. इतर सगळा तोल ज्याने इतका जपलाय तो खालचा कोपरा असा वाऱ्यावर सोडणार नाही. तिथे काहीतरी होतं आणि आता ते दिसत नाही, एवढा तर्क भिंगाला हात लावण्याआधीच झाला होता.

उजेडाने त्याला दुजोरा दिला. देवीच्या अंगावरचा उजेड डावीकडून. हनुवटीखालची सावली, गळ्याच्या उजव्या अंगाची छटा, कमळाच्या पाकळ्यांची आतली बाजू, सगळं एकमेकांशी जुळतं. पण त्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या लाटांवर पांढरे फटकारे उजव्या अंगाला मारलेले. एका चित्रात दोन दिशांनी ऊन पडलेलं दिसलं, की तिथे दुसऱ्या कुणाचा हात फिरलाय का, हे विचारावंच लागतं.

रंगाने आणखी एक पायरी पुढे नेलं. बाकीचं पाणी हिरवट दिसत होतं. वॉर्निश जुनं झालं की पिवळं पडतं आणि खालचा निळा त्या पिवळ्यातून हिरवा होऊन येतो. कोपऱ्यातला निळा मात्र स्वच्छ आणि थंड. म्हणजे तो पिवळ्या वॉर्निशच्या खाली नाही, वर आहे. वॉर्निश बसल्यावर, बहुधा ते पिवळं पडल्यानंतर, कुणीतरी तिथे रंगवलंय. अशा वेळी ओला कापूस फिरवून बघण्याचा मोह होतो आणि घरातली माणसंही तसं सुचवतात. खाली कागद असण्याची थोडी जरी शक्यता असेल तरी ते करू नये. वॉर्निशला बारीक भेगा असतात, त्यांतून ओल आत शिरते, कागद फुगतो आणि वरचा थर पोपडे धरून सुटतो.

आता भिंग. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं, पण ते धरायची रीत असते. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि मान पुढे नेत चित्रापासून इंचभर अंतरावर आणायचं. हात लांब करून धरलं तर नुसता धुरळा दिसतो. गालावर बघितलं तर गुलाबी, पिवळे आणि फिकट तपकिरी ठिपके. आकार लहानमोठे, दाटी कुठे जास्त, कुठे विरळ, पण कुठेही ठरलेल्या ओळीत नाहीत. हे हाताने दिलेले ठिपके, म्हणजे रंगीत शिळाछाप, दगडावर चित्र काढून त्यावरून कागदावर घेतलेला छाप. कुंचल्याचा रंग असता तर ठिपके दिसलेच नसते, फटकाऱ्याची दिशा आणि केसांच्या ओढी दिसल्या असत्या. अलीकडची ऑफसेट छपाई असती तर मापात बसवलेल्या ठिपक्यांची जाळी आणि तिच्यात फुलासारखी छोटी वर्तुळं दिसली असती. हनुवटीच्या कडेला गुलाबी रंग अर्धा मिलिमीटर बाहेर सरकलेला होता. दर रंगाला वेगळा दगड लागतो आणि कागद प्रत्येक वेळी नेमका त्याच जागी बसवावा लागतो. कुठेतरी केसभर चूक राहतेच, आणि ती चूक छापाची ओळख पटवते.

काकांना हे पटेना. "कॅनव्हास आहे की हो सर, विणकाम दिसतंय!" विणकाम दिसत होतं, हे खरं. पण ते गालावर, पाण्यावर, आभाळात एकाच मापाचं होतं आणि कुठेच रंगाने बुजलेलं नव्हतं. कॅनव्हासवर जाड रंग चढला की पोत भरून निघतो, पातळ राहिला की उघडा पडतो, चेहऱ्यावर आणि पार्श्वभूमीत फरक पडतोच. छापून झाल्यावर कागद दाबून हा कापडाचा पोत उठवत आणि वरून वॉर्निश चढवत. त्यालाच ओलिओग्राफ म्हणतात. तैलचित्र परवडत नसलेल्या घरात तैलचित्राचा थाट यावा, हाच त्यामागचा हेतू. पुण्यात १८७८ मध्ये सुरू झालेल्या चित्रशाळेने शिळाछापाची देवदेवतांची चित्रं घरोघर नेली होती. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यांची लक्ष्मी इतकी गाजली, की तिच्या धर्तीवर इतरांनीही लक्ष्म्या छापल्या. समोरचं चित्र त्याच धर्तीचं होतं. आकार साधारण वीस इंच बाय चौदा इंच. छापखान्याचं नाव ज्या खालच्या पट्टीवर असतं ती पट्टी फ्रेममध्ये बसवताना कापलेली, त्यामुळे कुठल्या छापखान्याचं हे लिहून देण्यासारखं नव्हतं.

साडीच्या काठाला खरी जर, कमरपट्ट्याला टिकल्या, गळ्यात बारीक मणी, सगळं सुईने शिवलेलं. घरातल्या आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "आत्याबाईंनी शिवलंय ते. आमचं लगीन व्हायच्या आधीचं." अशा सजवलेल्या छापांकडे जाणकार म्हणवणारे लोक नाक मुरडतात, मूळ चित्र बिघडवलं म्हणतात. मला ते मान्य नाही. ट्यूबलाइटखाली त्या टिकल्या चेहऱ्याला खाऊन टाकतात, हे खरं. म्हणून सोप्याची खिडकी लावून घेतली आणि चित्राच्या पायाशी, हातभर अंतर राखून, समई लावली. उजेड खालून आल्याबरोबर काठाची जर तापल्यासारखी झाली, कमरपट्टा चमकला आणि चेहरा वरच्या मऊ अंधारात शांत राहिला. ज्या बाईने हे शिवलं तिने लक्ष्मीपूजनाचा उजेड डोळ्यासमोर ठेवून शिवलं होतं. पोत हा घटक उजेडाशिवाय वाचताच येत नाही आणि तो उजेड कुठला, हे चित्र ज्या जागेसाठी आहे ती जागा ठरवते.

खिडकी बंदच होती, तेव्हा लगेच तिरका उजेड टाकून बघितलं. टॉर्च चित्राच्या उजव्या कडेला, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून, दहा-पंधरा अंशांवर धरायचा. समोरून धरला तर काही दिसत नाही. आडवा धरला की सुरकुतीसुद्धा सावली टाकते. त्या मोकळ्या निळ्या कोपऱ्यात कापडाचा पोत रंगाने बुजलेला दिसला, आणि त्या रंगात टाचणीच्या टोकाएवढे खळगे. आधी वाटलं कसरीने खाल्लंय. पण कसर कडा कुरतडते, वेडीवाकडी जाते. हे खळगे तीन-चार मिलिमीटरच्या अंतराने ओळीत होते आणि ओळ वळणदार होती. खाली फुगीर, वर जाताना आत वळून पुन्हा बाहेर झुकलेली.

तेव्हा कुठे फ्रेम उघडायला घरच्यांची परवानगी मागितली. खिळे पक्कडीने सरळ ओढायचे नाहीत, फ्रेमच्या लाकडाला पातळ पट्टी लावून तिच्यावर जोर द्यायचा, नाहीतर काच तडकते. मागची फळी काढली. छापाला मागून मांजरपाट चिकटवलेलं, त्यावर जरीच्या, टिकल्यांच्या गाठी. आणि कोपऱ्यात, गाठी नसलेली, नुसत्या सुईच्या भोकांची तीच वळणदार ओळ. काही भोकांत तुटक्या पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे अजून होते. वळणदार मान, लहान डोकं, खाली पसरट अंग. हंस असावा, मण्यांनी मढवलेला. सोंडेची माळ, पदर, देठ आणि हात, सगळे ज्याच्याकडे जात होते तो.

आजींना पक्षी काही आठवेना. एका पावसाळ्यात छप्पर गळून चित्राचा कोपरा भिजला आणि सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या एका पेंटरकडून नीट करून घेतला, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. त्या कोपऱ्यात मांजरपाटावर ओलीचा तपकिरी डाग होताच. पेंटरने भिजून सुटलेले मणी काढले, खराब झालेला भाग निळ्याने झाकला आणि लाटांना आपल्या सवयीचे फटकारे दिले.

लेखी देताना तीन भाग केले. खात्रीचं : शिळाछाप, पोत उठवलेला, वॉर्निश केलेला, नंतर हाताने शिवून सजवलेला, त्याहीनंतर एका कोपऱ्यात तैलरंगाने झाकलेला. संभवनीय : झाकलेल्या भागात हंसाची आकृती. न सांगता येण्यासारखं : छापखाना आणि नेमकं साल. किमतीचा आकडा लिहिला नाही, तो बाजाराचा विषय.

काकांच्या धाकट्या भावाला तो निळा काढून हंस मोकळा करून हवा होता. मी नको म्हटलं. कागदावरचा तैलरंग विरघळवायचा तर खालचं वॉर्निश आणि शाई त्याच द्रावणात सुटते आणि भिजलेल्या कागदात आधीच जीव नाही. त्याऐवजी चार गोष्टी सुचवल्या. मागची फळी काढून आम्लविरहित पुठ्ठा घालायचा. काच मण्यांना टेकते आहे, म्हणून कडेने पाव इंचाची पट्टी देऊन ती पुढे घ्यायची. फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावायचे, म्हणजे पावसाळ्यात भिंतीची ओल थेट लागत नाही आणि मागून हवा खेळते. आणि वरची ट्यूबलाइट दुसऱ्या भिंतीवर न्यायची. मूळ तैलचित्र नाही म्हटल्यावर वाटणीतला चित्रावरचा दावा दोघा भावांनीही सोडला. आजी म्हणाल्या, "मग ऱ्हाऊ दे की इथंच, देव्हाऱ्यावर." सुताराला पट्टीचं माप त्याच दुपारी दिलं.