चार्टला तेरावा महिना

११ जुलै २०२४, सकाळचे साडेआठ. आण्णांचा फोन. "अगं, तुझा तो चार्ट हलंना झालाय. लोकं भांडाय लागलीत."

आण्णा, म्हणजे माझे वडील, कोल्हापूरजवळच्या एका छोट्या दूध संस्थेचे सचिव. दहा वर्षांपूर्वी डिप्लोमा करताना मी त्यांना अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये, एक प्रोग्रॅम करून दिला होता, तो अजून चालतो. दर दहा दिवसांनी बिलं निघतात, त्यासोबत एक पानी रिपोर्ट निघतो. वर तक्ता, खाली चार्ट: म्हशीचं आणि गाईचं सरासरी फॅट. हा कागद आण्णा भिंतीवर डकवतात, त्याला कारण आहे. पावसाळ्यात कोवळा हिरवा चारा सुरू झाला की फॅट उतरतं, आणि प्रत्येकाला वाटतं की मशीन फक्त आपल्यालाच कमी दाखवतंय. सगळ्या गावाचंच उतरलंय हे चार्टवर दिसलं की आवाज जरा खाली येतो.

या वेळी उलटं झालं होतं. तक्त्यात म्हशीचं फॅट ६.३, खाली चार्टात ६.९. एकाच कागदावर! "मधलं ०.६ कुणी प्यालं?" असं एकानं थेट चेअरमनना विचारलं होतं.

पुण्यातून एनीडेस्कवर बसले, म्हणजे इथूनच त्यांचा कॉम्प्युटर उघडला. आधी नेहमीचे संशयित. फॉर्मवर, म्हणजे माहिती भरायच्या खिडकीत, शेवटची नोंद सेव्ह झालेली नसली की रिपोर्ट जुनंच दाखवतो. तिथे डाव्या पट्टीवर पेन्सिल दिसते. पेन्सिल नव्हती. रिपोर्ट व्ह्यूमध्ये फॉरमॅट इव्हेंट (पान मांडताना चालणारा कोड) चालत नाही, म्हणून प्रिंट प्रीव्ह्यू काढून बघितला. तेच. डिझाइनमध्ये ईस्ट-वेस्ट-नॉर्थचे नमुन्याचे खांब दिसत होते, पण त्यांना मी आता घाबरत नाही, ते कायमच दिसतात.

मग आण्णांना म्हटलं, मागचे कागद आणा. त्यांनी ते मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर एकेक करून धरले. २१ ते ३१ मे: बरोबर. १ ते १० जून: म्हैस ६.९, गाय ३.९. ११ ते २० जून: चार्ट कोरा. ("मला वाटलं शाई संपली," आण्णा.) २१ ते ३० जून: बरोबर. १ ते १० जुलै: ६.९ आणि ३.९, जूनच्या पहिल्या कागदाची जणू झेरॉक्स. बिघाड कसला, हे तर वेळापत्रक होतं. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांच्या बिलाला चार्ट अडकतो, दुसऱ्याला गायब होतो, तिसऱ्याला शहाण्यासारखा वागतो.

तक्ता फॉर्मवरच्या तारखा थेट वाचतो. चार्टसाठी मात्र बटण दाबल्यावर माझा कोड एक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) नव्यानं लिहितो, कारण तेव्हा क्रॉसटॅब क्वेरी, म्हणजे आडवा-उभा तक्ता करणारी, फॉर्मवरची तारीख ओळखायलाच तयार नव्हती. तिला पॅरामीटर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या किमती, आधी जाहीर करावे लागतात, हे मला ठाऊक नव्हतं. ती क्वेरी एसक्यूएल व्ह्यूमध्ये, म्हणजे तिच्या मूळ मजकुरात, उघडली आणि दिसलं: पासून #०१-०७-२०२४#, पर्यंत #१०-०७-२०२४#.

या हॅशच्या (#) आतली तारीख अ‍ॅक्सेस अमेरिकन पद्धतीनं वाचतं, आधी महिना. विंडोजमध्ये काहीही सेट केलेलं असो. म्हणजे माझी १ ते १० जुलै त्याच्या लेखी ७ जानेवारी ते ७ ऑक्टोबर. जुलैपुढच्या नोंदी अजून नाहीतच, म्हणजे अख्ख्या सहा महिन्यांची सरासरी! ती महिन्याभरात हलणार किती? ११ ते २० जूनला सुरुवात ६ नोव्हेंबर, शेवट २० जून. कोरा कागद. विसावा महिना नसतो, म्हणून २० तारखेला तेच अ‍ॅक्सेस गुपचूप आपल्या, आधी दिवसाच्या, पद्धतीवर येतं. १३ पासून पुढे सगळं बरोबर. दुष्काळात तेरावा महिना लोकांना नको असतो; माझा प्रोग्रॅम तेराव्या महिन्याच्याच जिवावर तरला होता.

मग दहा वर्षं कसं चाललं? जुन्या कॉम्प्युटरवर तारखेची मांडणी अमेरिकन होती, आणि आण्णा कुरकुरत १ जुलै म्हणून ७/१ टाकायचे. मेच्या शेवटी नवा कॉम्प्युटर आला, दुकानातल्या पोरानं तारीख भारतीय करून दिली. आण्णा खूश. त्यावरचं पहिलंच बिल २१ ते ३१ मेचं होतं, ते बरोबर आलं, मग शंका कोण घेणार?

दुरुस्ती एका ओळीची. तारीख क्वेरीत चिकटवण्याआधी फॉरमॅट फंक्शननं महिना-दिवस-वर्ष करून घ्यायची. पुन्हा छापलं, खाली-वर दोन्हीकडे ६.३. आण्णांनी तो कागद तिथल्या तिथे भिंतीवर लावला आणि जुने फाडून टाकले.

फोन ठेवल्यावर मी सगळ्या कोडमध्ये हॅश शोधला. आणखी तीन ठिकाणी सापडला. त्यातलं एक दिवाळीच्या दर-फरकाच्या हिशोबात होतं: १ एप्रिल ते ३१ मार्च. म्हणजे ४ जानेवारी ते पुढच्या वर्षीचा ३१ मार्च, प्रत्येक सभासदाला जवळपास तीन महिन्यांचा जादा फरक. ते त्याच रात्री बदललं. आण्णांना अजून सांगितलेलं नाही.