चासीआधी टेबल

कॉलेजच्या पोरांची बाहा गाडी (स्पर्धेसाठी पोरांनीच बनवायची, खडबडीत वाटेवरची छोटी गाडी) आमच्या शेडमध्ये जोडायची आहे, म्हणून तिची चासी, म्हणजे पाईपांचा सांगाडा, ज्यावर जोडायचा ते टेबल आधी केलं. वर 12 मिमी एमएस (साधं पोलाद) प्लेट, खाली 100 बाय 50 मिमीचं लोखंडी चॅनल. फरशी उताराची, त्यामुळे पायांना जाड बोल्ट. ते फिरवून लेव्हल काढायची. मग दोन्ही कर्णांवर दोरे ताणा, मधोमध ते एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. फट पडली किंवा एकाने दुसऱ्याला दाबलं, की टेबलाला पीळ आहे समजा.

प्लेट सलग वेल्ड करू नका हो! उष्णतेने ती ओढली जाते. इंच-इंचाचे टाके, समोरासमोर, मध्ये थंड होऊ देत. चासीचे पाईपही क्लॅम्पने जखडूनच टॅक (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारा. सस्पेन्शन अडकवायचे टॅब (पट्ट्या) एका बाजूला वर गेले, तर दोन चाकांचे कॅम्बर, म्हणजे आत-बाहेरचा कल, वेगळे होतात, ते हातोड्याने सुधारत नाही.

रंग फक्त पायांना दिलाय. वेल्डिंगच्या अर्थिंगसाठी प्लेट उघडीच हवी.