आमची वाटचाल : जिनिंगच्या बुशपासून क्रॉलरच्या नकलपर्यंत

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतले आमचे वर्कशॉप मुळात जॉबवर्कचे. वडिलांनी ते सुरू केले तेव्हा एक लेथ, एक शेपर आणि एक पिलर ड्रिल एवढीच यंत्रे होती आणि कामही ठरलेले होते : विदर्भातल्या जिनिंग-प्रेसिंगसाठी बुश, पिना आणि शाफ्ट, कोळसा खाणींतल्या यंत्रांचे सुटे भाग, शिवाय आसपासच्या कारखान्यांतून अवेळी येणारी तुटफुटीची दुरुस्ती. हे काम हंगामी असते. कापूस बाजारात येण्याआधी रात्रपाळी लावावी लागते, तर उन्हाळ्यात मिलिंग मशीनवर कापड टाकून ठेवण्याची पाळी येते. रेडिओ-कंट्रोल क्रॉलरचे सुटे भाग बनवण्याचे आमचे काम अशाच रिकाम्या उन्हाळ्यांत आकाराला आले आणि आज वर्कशॉपच्या एका बाजूची दोन यंत्रे जवळपास त्याच कामाला लागलेली असतात.

धाकट्या भावाला या छंदाची ओढ होती. रॉक क्रॉलर म्हणजे खऱ्या जीपच्या साधारणपणे एक दशांश मापाची, खडकांवर चढण्यासाठीच बनवलेली गाडी. तिला वेगाशी देणेघेणे नसते. ती माणसाच्या चालीने किंवा त्याहूनही सावकाश जाते, तिची चारही चाके कायम जोडलेली असतात आणि दोन्ही ॲक्सलचे डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, लॉक केलेले असते, त्यामुळे एक चाक हवेत उचलले गेले तरी दुसऱ्याचा जोर कमी होत नाही. नागपुरात अशा गाडीला जागा शोधावी लागत नाही. शहराच्या पश्चिमेला दख्खनच्या काळ्या बसाल्टचे धोंडे आहेत, कामठीकडे वालुकाश्म आहे, आणि दोन्हींवर टायर वेगळा वागतो. वालुकाश्माच्या खरबरीत पृष्ठभागावर रबर चिकटून राहते. पावसाने ओल्या झालेल्या बसाल्टवर तेच रबर सटकते, आणि मग गाडीचे वजन नेमके कुठे आहे हे उघड होते.

भावाच्या गाडीचे प्लॅस्टिकचे स्टिअरिंग नकल, म्हणजे पुढचे चाक ज्या सांध्यावर वळते तो भाग, किंगपिनच्या, म्हणजे वळण्याच्या खिळीच्या भोकात ढिले झाले होते. बाहेरून मागवायचे तर पार्सलची वाट आणि कस्टम्स ड्युटी दोन्ही आले. आमच्याकडे पितळेची चौकोनी सळई होती, इतवारीतल्या लोहा ओळीतून आणलेली, दुसऱ्या एका कामातून उरलेली. तिच्यातून नकलची जोडी काढली. ढिलेपणा गेला, ही अपेक्षित गोष्ट झाली. परंतु गाडी ज्या धोंड्यावरून मागे उलटत असे, तो धोंडा ती चढू लागली, आणि त्याचे कारण कागदावर मांडून पाहण्याची आम्हाला उत्सुकता लागली.

ते गणित आजही आम्ही प्रत्येक नव्या ग्राहकाला समजावून सांगतो. या वर्गातल्या पुष्कळ गाड्यांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, ३१३ मिमी असतो. गुरुत्वमध्य जमिनीपासून ८० मिमी उंच आहे आणि सपाटीवर वजन पुढे-मागे निम्मेनिम्मे आहे असे धरले, तर ४५ अंशांच्या चढावर पुढच्या चाकांवर ५० टक्क्यांऐवजी सुमारे २४ टक्केच भार उरतो. तोच गुरुत्वमध्य ६० मिमीवर आणला आणि सपाटीवर ६० टक्के वजन पुढे ठेवले, तर त्याच चढावर पुढे ४१ टक्के भार राहतो. चढावर गाडीला वर ओढण्याचे आणि वळवण्याचे काम पुढची चाके करत असल्यामुळे या फरकावरच गाडी चढणार की उलटणार हे ठरते. वजन खाली हवे आणि पुढे हवे. स्प्रिंगच्या खालच्या भागांत, म्हणजे चाकात, नकलमध्ये किंवा ॲक्सलवर ते टाकले तर सस्पेन्शन दबतही नाही. पितळेची घनता घन सेंटिमीटरला सुमारे ८.५ ग्रॅम, ॲल्युमिनियमची २.७. बाहेरून ४०, आतून ३० आणि रुंदीला १५ मिमी असलेली चाकातली रिंग पितळेची केली तर सुमारे ७० ग्रॅम भरते आणि ॲल्युमिनियमची केली तर २२ ग्रॅम.

तरीही पितळ विकण्यापूर्वी आम्ही ग्राहकाला बॅटरी पुढे सरकवायला सांगतो. अडीच किलोच्या गाडीत अशा दोन रिंगा पुढच्या चाकांत घातल्या तर पुढचे वजन ५० टक्क्यांवरून ५२.७ टक्क्यांवर जाते. १८० ग्रॅमची बॅटरी २०० मिमी पुढे नेली तर ते ५४.६ टक्क्यांवर जाते, आणि त्यासाठी लागतो तो पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा एक साधा ट्रे. हा सल्ला दिल्याने आमची एखादी ऑर्डर लहान होते, हे खरे आहे. परंतु एकूण वजन वाढले की मोटर अधिक तापते आणि स्टिअरिंगच्या सर्व्होवर, म्हणजे चाके वळवणाऱ्या छोट्या मोटरवर ताण येतो, त्यामुळे उगाच वाढवलेले वजन पुढे तक्रार बनूनच परत येते. मागच्या चाकांसाठी पितळेच्या रिंगा आम्ही स्वतःहून सुचवत नाही.

पितळेचे काम दिसते तितके सरळ नाही. लेथवर ते लोण्यासारखे कापले जाते, पण ड्रिल मारताना धार धातूत ओढली जाते आणि नकलसारखा लहान भाग फिक्स्चरमधून, म्हणजे तो पकडून ठेवणाऱ्या साच्यातून उपटला जातो. म्हणून आमच्याकडे पितळेचे ड्रिल वेगळे ठेवलेले असतात. त्यांच्या धारेचा रेक, म्हणजे पुढचा कोन, धार लावायच्या दगडावर किंचित मारून शून्यावर आणलेला असतो. ॲल्युमिनियमची तऱ्हा याच्या उलट आहे. त्याला धार तीक्ष्ण लागते आणि घासलेटाचा थेंब लागतो, नाहीतर धातू टूलच्या टोकाला चिकटून पृष्ठभाग ओरबाडतो. आमचे जुने टर्नर काका हे सारे कानाने ओळखतात. नव्या मुलाने एकदा त्यांना विचारले, “काका, फीड किती ठेवू?” तेव्हा ते म्हणाले, “आवाज ऐक बाबू, मग मले विचार.” ही शिकवण कोणत्याही तक्त्यात सापडत नाही, आणि आमच्या मालाचा दर्जा बऱ्याच अंशी तिच्यावरच उभा आहे.

ग्राहकांची सर्वांत मोठी मागणी एकच असते : “भाऊ, सगळंच मेटलचं करून द्या ना.” ही मागणी आम्ही सहसा मान्य करत नाही. गाडी दगडात अडकते तेव्हा मोटरचा जोर थांबत नाही. तो साखळीतल्या सर्वांत कमजोर भागावर जाऊन बसतो. प्लॅस्टिकचे नकल तुटत होते तिथे ॲल्युमिनियमचे बसवले की चाकाचा शाफ्ट पिळला जातो. शाफ्ट ईएन २४ पोलादाचा, कडक केलेला घातला की ताण गिअरबॉक्सच्या दातांवर जातो, आणि तो भाग सर्वांत महाग व उघडायला सर्वांत किचकट असतो. बाहेरून पूर्ण धातूची केलेली आणि आत दातांचा भुगा झालेली गाडी दुरुस्तीला आमच्याकडे वारंवार येते. म्हणून कोणता भाग तुटायचा हे आधी ठरवावे आणि तो स्वस्त, दोन स्क्रू काढून बदलता येणारा असावा, असे आमचे ठाम मत आहे. आमच्या बहुतेक जोडण्यांत ते काम ड्राइव्हशाफ्टच्या पिनेकडे असते, आणि तिच्या सुट्या पिना आम्ही पाकिटातच देतो.

शाफ्टच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. गोल शाफ्टची पीळ सहन करण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ५ मिमीचा शाफ्ट ६ मिमीचा केला तर ताकद सुमारे ७३ टक्क्यांनी वाढते, तीही धातू न बदलता. पण ५ मिमी आतल्या आणि ११ मिमी बाहेरच्या व्यासाचे बेअरिंग जिथे आधीच बसलेले आहे तिथे ही वाट बंद होते आणि मगच पोलादाची प्रत वाढवण्याला अर्थ उरतो. लिंकच्या, म्हणजे ॲक्सलला चासीशी जोडणाऱ्या सळयांच्या बाबतीत आम्ही खालच्या लिंक पोलादी आणि वरच्या ६०६१ प्रतीच्या ॲल्युमिनियमच्या करतो. खडकावर घासतात त्या खालच्याच, आणि वजनही तिथेच हवे असते. ६ मिमीच्या सळईच्या टोकांना २.५ मिमीचे ड्रिल आणि एम३ चे आटे. हे सोपे काम आहे, पण भोक मध्यापासून जरा जरी ढळले तरी लिंक वाकडी फिरते, म्हणून ते कोलेटमध्ये, म्हणजे सळई नेमकी मध्यावर धरणाऱ्या पकडीत धरूनच केले जाते.

पोटाखालची स्किड प्लेट मात्र आम्ही धातूची करून देत नाही. ॲल्युमिनियमची पट्टी बसाल्टच्या कडेला अडकते, चरा पडतो आणि पुढच्या वेळी गाडी त्याच चऱ्यात रुतून बसते. डेल्रिनची, म्हणजे ॲसिटल प्लॅस्टिकची प्लेट घसरून पुढे जाते. मिलिंगवर तिचा कीस कटरभोवती गोळा होतो, एवढाच काय तो त्रास. विदर्भाच्या काळ्या मातीसाठी आम्ही प्लेटच्या कडा तिरप्या कापतो, कारण पावसाळ्यात ती माती काटकोनी कोपऱ्यात थापली जाते आणि वाळली की सहजासहजी निघत नाही.

आता मोजमापाविषयी. जगभर मापे २० अंश सेल्सिअसला धरली जातात आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. मिलिंगवरून नुकताच उतरलेला ॲल्युमिनियमचा भाग मायक्रोमीटरपेक्षा ३० अंशांनी गरम असेल, तर ११ मिमीचे भोक सात-आठ मायक्रॉन मोठे भरते. बेअरिंग दाबून बसणार की गळून पडणार हे तेवढ्यावर ठरू शकते. म्हणून बेअरिंगची बैठक असलेला प्रत्येक भाग दुपारी कापला तरी रात्रभर सरफेस प्लेटवर, म्हणजे मोजमापाच्या सपाट पाटावर, मायक्रोमीटरच्या शेजारी ठेवला जातो आणि सकाळी मोजला जातो. ॲनोडायझिंगला, म्हणजे ॲल्युमिनियमवर विजेने कडक थर चढवायला जाणाऱ्या भागांत बैठक किंचित मोठी ठेवतो, कारण तो थर काही अंशी धातूच्या बाहेर वाढतो. एवढ्याशा गाडीसाठी एवढी काटेकोर तपासणी कशाला, असे काहींना वाटते. खाणीच्या यंत्राच्या बुशमध्ये जी चूक खपून जाते ती या बेअरिंगमध्ये खपत नाही, आणि या कामाने आमच्या जॉबवर्कचीही शिस्त वाढली आहे.

काही कामे आम्ही घेत नाही. ॲक्सलमधले बेव्हल, म्हणजे तिरप्या दातांचे शंकूसारखे गिअर आमच्या यंत्रांवर नीट कापता येणार नाहीत, त्यामुळे ते बाहेरचेच वापरावेत असे स्पष्ट सांगतो. पोर्टल ॲक्सलचा अनुभव वेगळा ठरला. ट्रॅक्सास कंपनीची टीआरएक्स-४ ही क्रॉलर गाडी २०१७ मध्ये आली. तिच्यात चाकाजवळच गिअरची जोडी असल्याने ॲक्सलचा मधला भाग वर उचलला जातो, दगड खालून निघून जातो आणि आतल्या शाफ्टवरचा पिळाचा भारही कमी होतो. तिच्या पोर्टलची बाहेरची कव्हरे पितळेची करून देण्याचे काम आम्हाला चांगले मिळाले, कारण वजन टाकायला त्याहून खालची आणि बाहेरची जागा चाक सोडल्यास गाडीत नाही.

विक्रीचा भाग थोडक्यात सांगतो. माल कुरिअरने जातो, आणि नागपूर देशाच्या मध्यावर असल्याने दक्षिणेला काय नि उत्तरेला काय, पार्सलला सारखाच वेळ लागतो. एका वेळी एका भागाचा लहान लॉट काढायचा, त्याचे फिक्स्चर नाव लिहून फळीवर टांगून ठेवायचे आणि मागणी आली की पुन्हा उतरवायचे, अशी आमची पद्धत आहे. पैसा सर्वांत जास्त अडकतो तो या फिक्स्चरमध्ये. पण त्यांच्यामुळेच जुन्या ग्राहकाला एकच नकल बदलून हवे असेल तर पूर्ण जोडी घ्या असे त्याला सांगावे लागत नाही. तुटलेला भाग परत पाठवणाऱ्याला आम्ही सवलत देतो. तुटीची जागा पाहिली की चूक धातूची, आकाराची की चालवणाऱ्याची हे कळते आणि पुढचे ड्रॉइंग त्यावरून बदलते. दुसऱ्या खेपेच्या नकलचा गळा मोठ्या त्रिज्येचा झाला तो अशाच तुकड्यांवरून.

सध्या काम चालू आहे ते २०२२ मध्ये आलेल्या, एक अठरांश मापाच्या टीआरएक्स-४एम या छोट्या गाडीच्या भागांवर. गाडीच हलकी असल्याने तिच्यात दहा ग्रॅम पितळही जाणवते. एम२ च्या आट्यांसाठी १.६ मिमीचे भोक पाडायचे आणि त्यात टॅप हाताने फिरवायचा. वडिलांनी या वयात ते काम स्वतःकडे घेतले आहे, कारण टॅप तुटण्याआधी बोटांना जे कळते ते त्यांच्याइतके आमच्यापैकी कुणाला कळत नाही. नमुन्याचे भाग काही ओळखीच्या ग्राहकांच्या गाड्यांवर बसवलेले आहेत. पावसाळ्यात ते काळ्या मातीत चालवून झाले की त्यांची किंमत ठरवू आणि लॉट काढू. तोवर ऑर्डर घेत नाही.