जेलीबीन झेन: पुढचे शॉकप, माउंट आणि बाकीची भानगड

ऑगस्ट

कार्ब्युरेटरचं काम मागच्या हिवाळ्यात उरकलं, आता पाळी पुढच्या सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगा, शॉकप (झटके जिरवणाऱ्या नळ्या) आणि त्यांना वर गाडीशी धरणारी माउंट. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: गाडी १९९८ ची मारुती झेन, जुन्या गोल तोंडाची (म्हणून 'जेलीबीन'), ९९३ सीसी, साधं स्टीअरिंग. आयुष्याचा मोठा काळ रत्नागिरीत गेला, मग पुण्यात माझ्याकडे आली. हा रत्नागिरीचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो बोल्टच्या रूपाने भेटणार आहे.

लक्षणं नेहमीचीच. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर हळू जाताना पुढून 'टक-टक', गतिरोधकावरून उतरताना 'धप्प', ब्रेक जरा जोरात दाबला की नाक खाली. टायरवर हात फिरवला तर आतल्या कडेला चढउतार लागत होते. ऐंशीच्या पुढे स्टीअरिंगमध्ये जी थरथर होती ती बॅलन्सिंग करूनही गेली नव्हती.

कोपऱ्यावर वजन टाकून गाडी दाबायची आणि सोडायची, ही चाचणी सगळेच करतात. एकदा वर येऊन गाडी थांबली तर ठीक. माझी डावीकडे वर, खाली आणि पुन्हा वर यायची, म्हणजे निकाल उघड होता. पण ही चाचणी फक्त पार मेलेला शॉकप पकडते. अर्धवट गेलेला, किंवा रॉड अडकून घासणारा शॉकप त्यात पास होतो. उजवीकडचा तसाच पास झाला होता.

मला जास्त भरवशाची वाटते ती दुसरी तपासणी. गाडी उभी, इंजिन बंद. भाच्याला आत बसवलं आणि स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगितलं. मी चाकामागून स्प्रिंगवर बाहेरून तळवा टेकवला. (बोटं वेढ्यांच्या मध्ये घालायची नाहीत.) स्प्रिंग सावकाश फिरायला हवी. माझी उजवीकडची आधी पीळ धरून राहायची आणि मग 'टण्' करून सुटायची. असं झालं की वरचं बेअरिंग जाम आहे. हा आवाज घेऊन गॅरेजला गेलात तर दहापैकी आठ ठिकाणी 'रॅक गेलाय' (रॅक म्हणजे स्टीअरिंगची दातेरी पट्टी) असं ऐकायला मिळेल.

थोडं विषयांतर, पण पुढच्या कामाला ते लागतं. पद्मिनीत, म्हणजे कुर्ल्याला बनणाऱ्या फियाटमध्ये, पुढे वर-खाली दोन विशबोन (चाक धरणारे V आकाराचे दांडे) असायचे. शॉकप गेला तर गाडी उसळायची, पण चाक जागेवर धरायचं काम विशबोनच करत. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने वरचा विशबोनच काढून टाकला आणि त्याचं काम शॉकपच्या नळीकडे दिलं. १९५० च्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिरमध्ये ही रचना आली, आणि आपल्याकडे घरोघरी पोचली ती मारुती ८०० मधून. झेनमध्येही तीच. म्हणजे या गाडीचा शॉकप नुसते झटके जिरवत नाही. चाकाचा वरचा आधार तोच, आणि स्टीअरिंग वळतं तेव्हा अख्खी नळी स्प्रिंगसकट फिरते ती वरच्या माउंटमधल्या बेअरिंगवर. म्हणून इथे शॉकप गेला की टायर खातो, स्टीअरिंग हलतं, ब्रेक लांबतो. आणि म्हणूनच नुसता शॉकप बदलून वरचं माउंट जुनंच ठेवणं मला अर्धं काम वाटतं.

सप्टेंबर, गणपती उठल्यावर

नाना पेठ. जुन्या मारुतीचं सामान अजून सहज मिळतं, ही या गाडीची सगळ्यात मोठी सोय. काउंटरवरच्या काकांनी यादी बघितली आणि म्हणाले, "साहेब, शॉकप दोन लिहिलेत, माउंट एकच?"

"काका, डावीकडचं बरं आहे."

"आज बरं आहे. दिवाळीनंतर पुन्हा याल, तेव्हा सगळं परत खोलायला लागेल."

दोन घेतली. शॉकप जोडीनेच बदलायचे असतात हे सगळ्यांना माहीत असतं. माउंट, बेअरिंग, आतला रबरी बंप स्टॉप आणि रॉडवरचा धुळीचा बूट हेही जोडीनेच घ्या. सगळ्यात स्वस्त वस्तू हा बूट, आणि शॉकपचं मरण बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं. बूट फाटला की धूळ-चिखल चकचकीत रॉडवर बसतो, क्रोमवर गंजाचे बारीक खड्डे पडतात, आणि ते खड्डे प्रत्येक दणक्याला वरच्या सीलला घासत राहतात. मग तेल बाहेर. नळीवर नुसता तेलकट ओलावा दिसला तर घाबरायचं कारण नाही, पण ओघळ आला असेल आणि त्यावर माती चिकटून थर झाला असेल तर खेळ संपला.

शॉकप मी गॅब्रिएलचे घेतले. घेताना डावा-उजवा नीट बघून घ्या, ब्रेकची नळी अडकवायची पट्टी दोन्हींवर आरशातल्यासारखी उलटसुलट असते. खोक्यावरचं होलोग्राम बघा, नळीवरचा शिक्का खोक्याशी जुळतो का बघा. एका दुकानात मला खोकं एकाचं आणि माल भलत्याचाच दाखवला होता. तिथून निघून आलो.

'शॉकप रिपेअर करून मिळेल' अशा पाट्या त्या भागात भरपूर आहेत. नळीला भोक पाडून जुनं तेल काढतात, नवं भरतात आणि वेल्डिंग मारून बंद करतात. चाकाचा आधार असलेल्या नळीवर मी हा प्रयोग करणार नाही. सील आणि झिजलेला रॉड तेच राहतात, आत किती आणि कोणत्या जाडीचं तेल गेलं ते कुणी सांगत नाही.

डावी बाजू

रविवारी सकाळी लवकर, वॉचमन आणि सोसायटीचे सेक्रेटरी जागे व्हायच्या आत. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड, हँडब्रेक, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल. मग जॅक, आणि जॅकवर विसंबून न राहता चासीच्या ठरलेल्या जागी स्टँड. काढलेलं चाक दाराखाली आडवं सरकवून ठेवलं. स्टँड घसरलाच तर गाडी चाकावर बसेल, माझ्यावर नाही.

चाक निघालं की काम तसं थोडं दिसतं. ब्रेकच्या नळीची क्लिप काढायची, खाली नकलला (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी तुकड्याला) धरणारे दोन बोल्ट, वर बॉनेटखाली माउंटचे नट. बोल्ट सोडण्याआधी शॉकपच्या नळीच्या पट्टीची कड नकलवर खिळ्याने ओरखडून घेतली. त्या भोकांत बोल्टला जराशी ढील असते आणि तेवढ्या ढिलीत कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बदलतो. शॉकप नवा असल्याने जुनी खूण तंतोतंत जुळणार नाही, पण चाकांचे कोन जुळवणाऱ्या अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी सरळ जाईल इतपत जुळते.

बोल्ट निघाले की नकल बाहेर कलंडतो. त्याला लगेच तारेने बांधा. नाहीतर त्याचं सगळं वजन ब्रेकच्या नळीवर येतं आणि ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकाला पोचवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट ताणला जाऊन निसटू शकतो. वरचे नट सगळ्यात शेवटी, आणि तेही खालून कुणीतरी नळी धरल्यावर. एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहायला हवी: वरचा मधला मोठा नट गाडीवर असताना काढायचा नाही. दाबलेली स्प्रिंग त्या एका नटाने अडवलेली असते.

स्प्रिंग कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार) भाड्याने आणला, दोन आकड्यांचा, म्हणजे हुकांचा. आटे साफ केले, ग्रीस लावलं, दोन्ही आकडे बरोबर समोरासमोर अडकवले आणि एकदा हा, एकदा तो असे थोडे थोडे पिळत गेलो. एअर गनने हे काम करू नका. भाचा लांबून बघत होता.

"मामा, हे उडालं तर?"

"म्हणून तर तुला तिकडे उभं केलंय. आणि नळीचं तोंड भिंतीकडे आहे बघ."

स्प्रिंग माउंटपासून सुटून हाताने हलायला लागली, तेव्हाच मधला नट सोडला. तो सोडताना रॉडही सोबत फिरतो. रॉडच्या टोकाला पकडायला जागा दिलेली असते, पाना तिथेच लावायचा. काही मिस्त्री रॉडलाच पक्कड लावतात. त्या पक्कडीच्या दातांचा ओरखडा म्हणजे नव्या सीलला पहिल्याच दिवशी लावलेला ब्लेड.

जुना शॉकप हातात घेऊन रॉड दाबला. वायसर गेलेल्या सायकलच्या पंपासारखा मधला सगळा भाग पोकळ खाली गेला, अगदी शेवटी थोडा विरोध लागला, आणि रॉड तिथेच बसून राहिला. वर ओढला तरी तेच. वर येतानाचा विरोध खाली जातानापेक्षा जास्त असायला हवा, कारण दणका बसल्यावर स्प्रिंगने गाडी उचलून फेकू नये हे त्याचं काम. इथे दोन्हीकडे सारखाच, म्हणजे जवळपास नाहीच.

नवा लावण्याआधी उभा धरून रॉड पूर्ण खाली-वर केला, विरोध सगळ्या लांबीत एकसारखा लागेपर्यंत. खोक्यात आडवा पडून आतल्या नळीत हवा शिरलेली असते, ती निघायला हवी. मग बंप स्टॉप, बूट, स्प्रिंग. स्प्रिंगचं खालचं टोक बशीतल्या पायरीला नीट टेकलं पाहिजे. त्यावर माउंट, बेअरिंग, नट. सगळं टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळायचा पाना), सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यावर.

उजवी बाजू, अर्थात रत्नागिरी

वरचा बोल्ट निघाला. खालच्याचा नट सुटला, पण बोल्ट भोकात असा बसला होता की जणू नळी आणि तो एकाच साच्यातून ओतलेत. खारी हवा. गंज सुटायचं तेल मारून ठेवलं, अधूनमधून नटाच्या बाजूने ठोके दिले, पुन्हा तेल. गॅसची ज्योत लावायचा सल्ला पार्किंगमधून जाणाऱ्या दोघांनी दिला. बाजूला ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट आणि ब्रेकची नळी असताना ज्योत नको. शेवटी रात्रभर तेलात ठेवून सकाळी नट टोकापर्यंत परत चढवला, म्हणजे आटे चेपत नाहीत, आणि पितळी दांडका ठेवून हातोडा मारला. आधी बोल्ट घट्ट व्हायच्या दिशेने जरासा हलला. तिथेच समजलं की आता येणार. मग पुढेमागे करत बाहेर आला, तपकिरी भुकटी सांडत. तो पुन्हा वापरला नाही. दोन्ही बाजूंना नवे बोल्ट टाकले.

या बाजूचं माउंट हातात घेतल्यावर काउंटरवरच्या काकांची आठवण आली. रबर लोखंडापासून अर्ध्या गोलात सुटलं होतं, बोट आत जाईल इतकं. बेअरिंग फिरवलं तर आधी अडायचं, मग कचकन पुढे सरकायचं. आतलं ग्रीस लाल गंजाशी मिसळून वाळलेल्या कुंकवासारखं झालं होतं. 'टण्' आवाज इथला. डावीकडचं माउंट बाहेरून खरंच चांगलं दिसत होतं, पण काढून उलटं केल्यावर त्याच्या रबरालाही खालून चिरा दिसल्या.

दोन्ही स्प्रिंगा शेजारी उभ्या करून पाहिल्या. उजवी, ड्रायव्हरच्या बाजूची, किंचित बसलेली आहे. वेढा कुठे तुटलेला नाही, म्हणून या वेळी त्याच ठेवल्या, पण गंज घासून रंग मारला. स्प्रिंग तुटते ती बहुतेक गंजाच्या खड्ड्यापासूनच.

अलाइनमेंट आणि दिवे घाट

अलाइनमेंट न करता चालवू नका, 'आपण टाय रॉडला (चाक वळवणाऱ्या दांड्याला) हात कुठे लावलाय' हे कारण चालत नाही. कॅम्बर हलला की टो (वरून बघताना चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) आपोआप हलतो. माझ्या गाडीचा पहिला कागद तेच सांगत होता: उजवं चाक वरून आत झुकलेलं, डावं जवळपास सरळ. झेनमध्ये कॅम्बरला वेगळी सेटिंग नाही, म्हणून दुकानातला मुलगा थेट टो लावायला निघाला होता.

"दादा, आधी हे दोन बोल्ट ढिले करा, मी नकल ढकलून धरतो. मग टो घ्या."

"मॅन्युअलमध्ये नाहीये ते, सर."

"भोकात ढील आहे ना, तेवढीच वापरायची."

तेवढ्या ढिलीत दोन्ही बाजूंमधला फरक बराच कमी झाला. बोल्ट पुन्हा टॉर्कवर, मग टो, मग स्टीअरिंग सरळ.

दुसऱ्या दिवशी दिवे घाटातून सासवड. वळणात गाडी आता एकदाच झुकते आणि तिथेच थांबते, आधी झुकून पुन्हा सावरायची. उतारावर ब्रेक दाबला की नाक खाली जातं, पण हळू जातं. रंबलरच्या पट्ट्यांवर स्टीअरिंग हातात शांत राहतं. वळवून सोडलं की स्वतःहून सरळ येतं, हे मी या गाडीत पहिल्यांदाच अनुभवलं आणि ते श्रेय शॉकपचं नाही, नव्या बेअरिंगचं आहे. थोडी कडक लागते, नवे सील आहेत, काहीशे किलोमीटरमध्ये नरम येतील.

परत आल्यावर सगळे नट पुन्हा तपासले. एकही हलला नाही.

पेव्हर ब्लॉकवरचा 'टक' मात्र पूर्ण गेलेला नाही. पुढून येणारा गेला, आणि आता त्याच्याखाली दबलेला मागचा ऐकू येतोय. मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकप वेगळा, त्यामुळे कंप्रेसरची गरज पडणार नाही. संशय शॉकपच्या खालच्या बुशवर (रबरी अस्तरावर) आहे, पण आधी ट्रेलिंग आर्मचे (मागचा अ‍ॅक्सल धरणाऱ्या दांड्यांचे) बुश पहारीने हलवून बघणार. कुणी ते बुश प्रेसशिवाय, घरी काढले असतील तर कोणता पाइप आणि किती जाडीचा वॉशर वापरला ते सांगा.